हिवाळ्यात कोळशाच्या स्मोकरला आडोसा: आत हवा खेळती कशी ठेवायची

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारिओ, मॅनिटोबा या पट्ट्यात डिसेंबर ते मार्च कोळशाचा स्मोकर (मंद आचेवर, धुरात मांस शिजवायचं पिंप) चालवायचा तर त्याला आडोसा लागतोच. पण बरेच आडोसे चुकीच्या हेतूने बांधले जातात. थंडी वाजेल म्हणून चारही बाजूंनी खोकं करायचं, वर घट्ट छप्पर घालायचं, सगळ्या फटी बुजवायच्या. मग तीन तासांनी तापमान का कोसळलं आणि मांसाला कडवट, डांबरट चव का आली, ते कळत नाही. थंडी स्मोकरला बऱ्यापैकी सोसते, वारा सोसत नाही. म्हणून झडपांच्या तोंडाशी हवा शांत ठेवणं हे आडोशाचं पहिलं काम, आणि ते करताना ताजी हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी राहिलीच पाहिजे.

खालची मापं वेबर स्मोकी माउंटनच्या १८ इंची मॉडेलसाठी आहेत: व्यास अर्धा मीटर, उंची सुमारे १०४ सेंटिमीटर, तळाला तीन झडपा, झाकणावर एक. २२ इंची मॉडेल किंवा पिंपाचा घरगुती स्मोकर असेल तर मापं वाढवा. तत्त्व तेच.

ओढ किती, वारा किती

आतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तळाच्या झडपांतून नवी हवा ओढून घेते. ही ओढ आतल्या-बाहेरच्या हवेच्या घनतेतल्या फरकावर चालते. आत ११५ अंश सेल्सिअस आणि बाहेर २५ असताना दर मीटर उंचीमागे ती साधारण २.७ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) भरते. बाहेर उणे १५ झालं की ४.५ पास्कल. शिवाय थंड हवा दाट असते. उणे १५ ला तेवढ्याच जागेत सुमारे १५ टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. दोन्ही धरले तर झडपा होत्या तशाच ठेवूनही आगीला जवळजवळ ३८ टक्के जास्त हवा मिळते. आणि स्मोकरच्या पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता? ती तापमानाच्या फरकावर वाढते: ९० अंशांचा फरक १३० झाला, म्हणजे सुमारे ४४ टक्के. हिशेब ढोबळ आहे, पण वारा नसेल तर थंडीची भरपाई ओढच बरीचशी करते. शांत, कोरड्या, उणे १५ च्या रात्री उघड्यावरचा स्मोकर गुणाने चालतो तो यामुळे. कोळसा जास्त खातो, एवढंच.

आता वारा. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरच्या झडपेवर सुमारे २१ पास्कल दाब टाकतो. स्मोकरमध्ये निखाऱ्यांपासून झाकणापर्यंतची उंची पाऊण मीटरही नसते, म्हणजे तिथली ओढ तीन पास्कलांच्या आसपास. साधा वारा तिच्या सातपट ठरतो, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वाऱ्याकडची झडप भात्यासारखी चालते आणि आग भडकते. झोत झाकणाच्या झडपेवर आला तर धूर उलटा आत ढकलला जातो. वर पत्र्यावरून घासून जाणारी हवा उष्णता पळवते ती वेगळीच. या तिन्ही गोष्टी दर झोताला बदलत असल्याने झडपा कितीही फिरवल्या तरी तापमान एका जागी बसत नाही.

जागा निवडताना

घरापासून, कुंपणापासून आणि छताच्या पुढे आलेल्या भागापासून निदान ३ मीटर दूर. अमेरिकेतल्या अपार्टमेंटना लागू असणारे अग्निनियम बऱ्याच ठिकाणी लाकडी बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आत कोळसा पेटवायला मनाई करतात. आपल्या गावचा नियम आधी पाहा. स्वतंत्र घर असलं तरी अंतर ठेवाच. भिंतीवरची व्हिनाइलची आवरणं ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडून वाकतात.

घराच्या कोपऱ्याजवळ वारा वळून वेग घेतो, तिथे आडोसा उभारू नका. भिंतीच्या अगदी पाठीशीही जागा फसवी: वारा अडलेला वाटतो, पण भोवरे उठतात आणि दिशा क्षणाक्षणाला फिरते. वाऱ्याकडच्या बाजूला तीन-साडेतीन मीटरवर फटीफटीचं लाकडी कुंपण असेल तर फार उत्तम. ज्या कुंपणात ४० ते ५० टक्के जागा मोकळी आहे ते वाऱ्याचा वेग कमी करतं आणि भोवरेही कमी उठवतं. भरीव भिंतीला हे साधत नाही.

गॅरेज, शेड, तंबू, बंदिस्त पोर्च इथे स्मोकर कधीही नको. दार सताड उघडं ठेवूनही नको. जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि तो ना दिसतो ना वासाने कळतो. घरातल्या अलार्मवर विसंबून धाडस करू नका: अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) अलार्म एक ते चार तासांनी वाजतो, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांनी. बाहेर धूर असताना स्मोकरच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि अलार्मची बॅटरी थंडी सुरू होण्याआधी बदला.

बांधणी

भिंतींना अर्धा इंच जाडीचा सिमेंट बोर्ड घ्या, तो जळत नाही. बाथरूमच्या फरशीखाली घालतात तोच. ३ बाय ५ फुटांचे पत्रे कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. प्लायवूड, ताडपत्री आणि चकचकीत बबल-फॉइल तिन्ही नकोत. फॉइल धातूसारखं दिसतं, पण आत प्लॅस्टिक असतं आणि ते ८०-८५ अंशांनाच दगा देतं.

साहित्य: सिमेंट बोर्डचे ४ पत्रे, चौकटीसाठी भोकांचे लोखंडी अँगल, स्वतः भोक पाडणारे सिमेंट बोर्डचे स्क्रू, दाराला २ बिजागऱ्या आणि कडी, छपरासाठी १२० बाय १२० सेंटिमीटरचा पन्हाळी पत्रा, बाहेरच्या पडद्यांसाठी उरलेल्या बोर्डच्या १५ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या, आणि वजनाला काँक्रीटचे ६ ते ८ ब्लॉक.

१. चौकट आतून ९१ सेंटिमीटर चौरस करा. स्मोकर मधोमध ठेवल्यावर चहूकडे साधारण २० सेंटिमीटर जागा राहते. यापेक्षा कमी केली तर तळाच्या झडपांना हात पोचत नाही आणि पत्र्यालगत चढणारी गरम हवा भिंतीला चिकटून परत खाली वळू लागते.

२. भिंतीची वरची कड जमिनीपासून १२२ सेंटिमीटरवर, म्हणजे झाकणाच्या माथ्यापेक्षा सुमारे १८ सेंटिमीटर वर ठेवा. त्याहून कमी उंचीत झोत झाकणाच्या झडपेवर येतो. फार उंच नेली तर धूर आतच घुटमळतो.

३. वाऱ्याकडची मागची भिंत जमिनीपर्यंत न्या. बाकी दोन बाजू आणि दार खालून ८ सेंटिमीटर उचला. तिन्ही मिळून सुमारे २,१०० चौरस सेंटिमीटर वाट होते. स्मोकरला जळणासाठी लागणारी हवा तासाला काही घनमीटरच असते, मग एवढी फट कशाला? कारण स्मोकरच्या तापलेल्या पत्र्यालगतची हवाही वर चढत असते आणि तिची जागा घ्यायला तितकीच हवा खालून यावी लागते. फट अपुरी पडली की ती हवा वरच्या उघड्या तोंडातून उतरते आणि येताना धूर घेऊन येते.

४. प्रत्येक फटीसमोर, भिंतीपासून १० सेंटिमीटर बाहेर, १५ सेंटिमीटर उंचीची पडदी उभी करा. वारा तिच्यावर आपटतो, हवा वरून वळसा घेऊन शांतपणे आत शिरते, आणि उडतं बर्फ फटीत साचत नाही. या पडद्या सुट्या ठेवा. वारा फिरला तर त्या बाजूची पडदी पुढे सरकवून फट बंद करता येते. मात्र कोणत्याही वेळी निदान दोन बाजू उघड्या हव्यात.

५. छपराचे खांब पुढे १७५ आणि मागे १५० सेंटिमीटर. उतार मागे, वाऱ्याच्या दिशेला. भिंत आणि छप्पर यांच्यामधली मागची मोकळी पट्टी पत्र्याने झाका. पुढची आणि दोन्ही बाजूंची पूर्ण उघडी ठेवा. मागून आलेला वारा छपरावरून जातो आणि पुढच्या तोंडातून धूर खेचून घेतो. झाकण उचलायला वर अर्धा मीटरहून जास्त जागा मिळते.

६. मागच्या भिंतीच्या खालच्या अँगलवर आणि दोन्ही बाजूंना ब्लॉक ठेवा. एका भिंतीचा बोर्ड १०-१३ किलोंचा. ताशी ६० किलोमीटरचा झोत त्यावर वीसेक किलोंच्या जोराने ढकलतो. पेटलेल्या स्मोकरवर भिंत कोसळणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट प्रसंग, तेव्हा वजनात कंजुषी नको.

बोर्ड कापताना करवत न चालवता कार्बाइडच्या सुरीने रेघ मारून तोडा. धुळीत सिलिका असते, म्हणून एन-९५ मास्क आणि काम उघड्यावर.

छपराला उतार केवळ बर्फासाठी नाही. पाण्याच्या भांड्यातून आणि मांसातून रात्रभर वाफ निघते, ती थंडगार पत्र्याला लागून काजळीसकट थेंबाथेंबाने गळते. सपाट छप्पर असेल तर हे काळं पाणी नेमकं झाकणाच्या झडपेवर पडतं. उतारामुळे ते मागे वाहून जातं.

उदबत्तीची परीक्षा

आडोसा नीट श्वास घेतोय का, हे पाहायला उपकरण लागत नाही. स्मोकर ११० अंशांवर (२३० फॅरनहाइट) स्थिरावला की दार लावा, उदबत्ती पेटवा आणि खालच्या फटींसमोर एकेक करून धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग वरच्या तोंडाशी, हात लांब करून: तिथे धूर बाहेर ढकलला गेला पाहिजे. खालच्या एखाद्या फटीतून धूर बाहेर येत असेल तर वारा पलीकडून आरपार शिरतो आहे, तिकडची पडदी जवळ घ्या. वरून आत उतरत असेल तर खालची वाट कमी आहे किंवा मागची पट्टी झाकायची राहिली आहे.

दुसरी खूण तापमानाची. एक साधा प्रोब (तापमान मोजणारी सळी) तळाच्या झडपेच्या उंचीवर, स्मोकरपासून १० सेंटिमीटरवर लटकवा. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असेल तर ठीक. ती चढत चढत ३५-४० अंशांवर गेली, किंवा जमिनीलगत धूर तरंगताना दिसला, तर धूर फिरून परत झडपांत जातो आहे. अशा हवेत ऑक्सिजन कमी असतो. आग गुदमरते, तापमान पडतं, तुम्ही झडप आणखी उघडता आणि आत आणखी धूरच ओढला जातो. इथे इलाज झडपेत नाही, आडोशाच्या फटींत आहे.

पेटवण्यापासून स्थिर होईपर्यंत

कोळसा कोरडा आणि घरातल्या उबेत ठेवलेला हवा. तळाच्या कड्यात ५ ते ६ किलो न पेटलेली ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) भरा, मध्ये खळगा करा. चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या धातूच्या नळकांड्यात) ३० ते ४० ब्रिकेट पूर्ण राखाडी होईपर्यंत पेटवून त्या खळग्यात ओता. उन्हाळ्यात २० पुरतात. थंडीत तेवढ्यांवर सुरुवातीचे दोन तास रडत जातात. स्टार्टर आडोशाच्या आत पेटवू नका, त्याच्या ज्वाळा छपराला लागतात.

पाण्याच्या भांड्यात उकळतं पाणी घाला. सहा लिटर गार पाणी उकळीला न्यायला सव्वादोन मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते आणि ती सगळी कोवळ्या आगीकडून जाते. कडक थंडीत भांडं रिकामं ठेवून फॉइलने मढवलं तरी चालतं, किंवा त्यात कोरडी वाळू भरून वर फॉइल लावा. वाळू तापमान धरून ठेवते, पण वाफ करत नाही, त्यामुळे छपराचं गळणंही थांबतं. मांस मात्र जरा कोरडं राहतं. आठ तासांपुढच्या ब्रिस्केटला (गाईच्या छातीच्या मांसाला) आम्ही पाणीच निवडतो.

सुरुवातीला चारही झडपा पूर्ण उघड्या. मांस ठेवायच्या जाळीपाशी ९५ अंश (सुमारे २०० फॅरनहाइट) दिसले की तळाच्या तिन्ही झडपा पाव भागावर आणा. झाकणाची झडप शेवटपर्यंत पूर्ण उघडी. तापमान आवरायला तिला हात लावला की धूर आत कोंडतो, मांसावर क्रिओसोट (धुरातला डांबरासारखा थर) बसतं, जीभ बधिर करणारी कडवट चव येते. नंतर कितीही सॉस लावा, ती जात नाही. दर बदलानंतर १५ ते २० मिनिटं थांबा. एका वेळी एकच झडप, तीही थोडीच. झाकणावरच्या तापमापकाच्या तबकडीवर विश्वास ठेवू नका. प्रोब जाळीच्या उंचीला हवा.

१०७ ते १२१ अंशांत (२२५ ते २५० फॅरनहाइट) काटा कुठेही बसला तरी चालेल. ठरावीक आकडा गाठण्याच्या नादात झडपांशी खेळणं हेच बहुतेक वेळा चढउताराचं कारण असतं. निघणारा धूर पातळ, निळसर हवा. पांढरा, दाट, गुंडाळ्या-गुंडाळ्यांनी निघणारा धूर म्हणजे आगीला हवा कमी पडतेय.

बाहेर पूर्ण शांत आहे आणि आडोसा नीट बांधलाय, अशा रात्री उलटी अडचण येते: आग गरजेपेक्षा मोठी होते. तेव्हा तळाच्या दोन झडपा बंद करून एकीवर चालवा. वारा सुटला तर वाऱ्याकडची झडप पूर्ण मिटा आणि आडोशाकडच्या दोन वापरा.

वेल्डिंगची चादर गुंडाळायची का

वेल्डिंगला वापरतात ती काचतंतूंची चादर स्मोकरच्या मधल्या पिंपाभोवती गुंडाळली की कोळसा वाचतो, हे खरं. पण ती तळाच्या झडपांपासून निदान १० सेंटिमीटर वर संपली पाहिजे आणि झाकणाची झडप पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. जास्त उबदार केलेल्या स्मोकरला फार थोडी आग पुरते, त्यासाठी झडपा जवळजवळ मिटाव्या लागतात, आणि मिटलेल्या झडपांमागे निखारे नुसते धुमसतात. धूर मळकट होतो. चांगल्या आडोशात उणे १० पर्यंत चादरीची गरज पडत नाही. त्याखाली गुंडाळा, पण तळाची एखादी झडप निदान पाव भाग उघडी ठेवावी लागेल इतपतच.

तापमान पडलं तर

कोळसा ओतण्याआधी वाटा तपासा, याच क्रमाने. झाकणाच्या झडपेवर वाफेचं बर्फ जमलंय का? लाकडी मुठीच्या सळीने मोकळं करा. आडोशाच्या खालच्या फटी बर्फाने बुजल्यात का? बर्फ पडत असेल तर दर तासाला फावड्याचा एक हात फिरवा. मग राख. बंबाची जाळी राखेने भरली की आत लाकडं असूनही तो धगत नाही, तसंच इथे होतं. टोक वाकवलेली सळी तळाच्या झडपांतून घालून राख बाजूला सारा, स्मोकरच्या पायांना हलके टिचका मारा. जोरात हलवू नका, उडालेली राख मांसावर बसते. हे सगळं ठीक असेल तरच नवी ब्रिकेट, तीही स्टार्टरमध्ये पेटवून, एका वेळी पंधरा-वीस.

तापमान अचानक वर गेलं तर पाणी संपलंय का पाहा, मग स्मोकरचं बाजूचं दार. या मॉडेलचं पातळ पत्र्याचं दार थोडं वाकलेलं असतं आणि तिथून हवा शिरते. दार काढून हाताने हलकं वाकवून पिंपाच्या गोलाईला बसवा किंवा कडेला उष्णतारोधक पट्टी लावा.

पंख्याचा नियंत्रक (तापमान पाहून आत हवा फुंकणारं यंत्र) वापरत असाल तर पंखा एका झडपेला, बाकी दोन बंद. वारा पंख्याच्या तोंडातूनही शिरतो, म्हणून त्याची स्वतःची चकती अर्ध्यावर आणा. बॅटरी थंडीत लवकर बसते. विजेची तार बाहेरून आणा.

झाकण उघडताना आधी आडोशाचं दार उघडा, अर्धा मिनिट बाजूला उभे राहा, साठलेला वायू निघून जाऊ द्या, मगच पुढे वाका. डोकं छपराखाली घालून मांस उलटत बसू नका. झाकण कडेला चरबी गोठून चिकटलं असेल तर ओढू नका, मूठ धरून हलकं फिरवा. एकदा उघडलं की पूर्ववत व्हायला पंधरा-वीस मिनिटं जातात, तेव्हा प्रोबवर भिस्त ठेवा: डुकराचा खांदा किंवा ब्रिस्केट आतून ९३ ते ९६ अंशांना (२०० ते २०५ फॅरनहाइट) पोचेपर्यंत उघडण्यासारखं फारसं काही नसतं.

संपल्यावर

चारही झडपा बंद करा, पण आडोशाचं दार उघडंच ठेवा. विझत चाललेला कोळसा सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतो. पाण्याचं भांडं गरम असतानाच, हातमोजे घालून, रिकामं करा; सकाळपर्यंत ते चरबीसकट दगड होतं. राखेतले निखारे एक-दोन दिवसही जिवंत राहू शकतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि डबा घरापासून ३ मीटरवर, लाकडी डेकवर न ठेवता, उघड्या जमिनीवर किंवा काँक्रीटवर ठेवा. कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कचराकुंडीत ती पूर्ण गार झाल्याचं हाताने तपासल्याशिवाय टाकू नका. स्मोकरवर कापडी आच्छादनही दुसऱ्या दिवशी, पिंप पूर्ण गार आणि कोरडं झाल्यावरच घाला.